तिसरी गादी

हॉटेलवाल्याशी भांडायचं ते समोरासमोर, असं ताईंचं ठाम मत होतं. तसाही खोलीतला फोन बंद होता आणि लिफ्टही बंद. तेव्हा भर दुपारी, बॅगा उघडायच्या आधीच, त्या तीन जिने उतरून तणतणत काउंटरवर पोचल्या.

सहलीतल्या बाकीच्या वीस जणांनाही असल्याच खोल्या मिळाल्या होत्या. भिंतींना ओल, नळाला तांबडं पाणी, पंख्याची अखंड कुरकुर. पण ती माणसं सोशिक होती. ताईंचं डोकं मात्र पायरी चढतानाच तापलं होतं, कारण बरोबर माई होती. तिघी बहिणींतली धाकटी जाऊन चार महिने झाले होते आणि तेव्हापासून मधल्या माईनं अन्नपाणीच टाकल्यासारखं केलं होतं. हवापालट करा, पण तिला एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एक गेली, निदान ही तरी राहू दे, एवढंच ताईंचं मागणं होतं.

“खोलीत आम्ही दोघीच. मग दोन पलंगांच्या मध्ये ती तिसरी गादी कशाला घातलीत? आधी उचला ती!”

आजवर तिघी कुठेही गेल्या, की धाकटीची गादी अशीच मध्ये पडायची. ती पाहून माई उंबऱ्यातच थिजली होती.

“तुमच्याच खोलीतून फोन आला होता, गादी हवी म्हणून,” काउंटरवरची बाई म्हणाली.

“अहो, फोन बंद आहे!”

बाईनं नुसते खांदे उडवले. सफाईवाली ताईंबरोबर वर आली आणि गादी गुंडाळून घेऊन गेली. ताईंनी आतून कडी लावली, तांबड्या पाण्यानं कसंबसं तोंड धुतलं आणि बाहेर येऊन पाहतात तो गादी पुन्हा खाली अंथरलेली. आता ती माईच्या पलंगाला अगदी चिकटून होती. ओलीच्या वासात दवाखान्यातल्या औषधांचा वास मिसळला होता. दाराची कडी होती तशीच होती...

“कोणी आणली ही?”

“असू दे ना, ताई,” माई हळूच म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली होती.

दुसरं कुणी असतं तर माईचा हात धरून बसलं असतं. ताईंचं सगळं भय रागातून बाहेर पडायचं, ही त्यांची जन्माची खोड. “यांना आज सोडतच नाही!” म्हणत त्या पुन्हा जिना उतरल्या.

“आता कशाला आलात?” काउंटरवरची बाईही वैतागली होती. “सफाईवाली वरच आहे, तिला हाक मारून गादी उचलायला सांगितलंय. आत्ताच फोन आला ना तुमच्याकडून.”

“कोणाचा फोन?”

“आवाज अगदी कोवळा होता. म्हणाल्या, आता गादी नको... माईनं पलंगावर जागा दिलीय.”

ताई कठडा धरून जिना चढू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर सफाईवाली गादी काखेत मारून उतरताना भेटली. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू जा हं, बाई. दोघींचा आत्ताच डोळा लागलाय...”

दार नुसतं लोटलेलं होतं. माई पलंगाच्या अगदी काठावर, भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजली होती. एक हात पुढे टाकलेला. आत दुसरं कुणीही नव्हतं. ताईंना हायसं वाटलं आणि लगेच रागही आला.

“अगं, एवढी जागा असताना काठावर काय निजतेस? पडशील ना!”

माई हलली नाही. तिला आत सरकवायला ताईंनी खांद्याला हात लावला. खांदा गार होता. “माई... ए माई...” तोल जाऊन त्यांचा दुसरा हात भिंतीकडच्या रिकाम्या अंथरुणावर टेकला.

ती बाजू उबदार होती.