चकमकीचा कप्पा

आमच्या पहाडी भोजपूरला खुकुरीच्या, म्हणजे बाकदार पात्याच्या सुऱ्याच्या, म्यानामागे दोन छोटे कप्पे असतात. एकात कर्दा, म्हणजे संत्रं सोलण्याएवढी सुरी. दुसऱ्यात चकमक: धार सरळ करायचं, गारगोटीवर ठिणगी पाडायचं बोथट पोलाद. खुकुरी भांडणाला, ही दोघं संसाराला, असं आजोबा म्हणायचे.

ते पहाटे चिलमीसाठी चकमक झाडत. खट्, खट्, मग खोकला. आमच्या कोंबड्याने हताश होऊन आरवणंच सोडलं होतं.

काम झालं की चकमक कप्प्यात न ठेवता कमरेच्या पटक्यात खोचायची, ही त्यांची खोड. ते गेले तेव्हा तो पटका माझ्या थोरल्या भावाने, हर्कदादाने, स्वतः नीट बांधून दिला. चकमक काढायचं कुणालाच आठवलं नाही. आमच्या रीतीप्रमाणे आजोबांना टेकडीवर पुरलं, त्यांच्याबरोबर तीही पुरली गेली.

खोकला थांबला. खट् खट् थांबलं नाही. आई म्हणाली, सुतारपक्षी. मी म्हणालो, फ्रीज असेल. आमच्याकडे फ्रीज नाही.

मग दादा पलटणीत भरती झाला. खुकुरी आता त्याची. पण आई अडून बसली.

"अर्ध्या म्यानानं गेलेला माघारी येत नाही. माझा पोरगा असा जायचा नाही."

लोहार जितेकाकांनी नवी चकमक घडवली. ती कप्प्यात शिरेना. काकांनी ती घासली, चामडं सैल केलं. तरी शिरेना. शेवटी त्यांनी बांबूची काडी आत घातली. ती वरच अडली. कप्पा तर रिकामा दिसत होता.

"आत काहीतरी आहे."

"काय?"

"चकमक," काका म्हणाले.

"काका, घेतलीय का?" दादाने विचारलं.

"नाही रे. पण आता घेतो."

दादाने शेजारचा कर्दा उपसला. आत पोलादावर पोलाद वाजलं.

आईने कप्प्याच्या तोंडाशी बोट नेलं आणि झटकन मागे घेतलं.

"गरम आहे." मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे हर्कला. म्यान भरलेलं आहे."

दुपारच्या बसने दादा गेला. दुसऱ्या पहाटे घरात काहीच वाजलं नाही. बऱ्याच वेळाने, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, कोंबडा घाबरत घाबरत आरवला.

सकाळी दादाचा बसमधूनच फोन आला.

"भाऊ, रात्री कंडक्टर माझ्यावर ओरडला. म्हणे, तुमच्या म्हाताऱ्याला सांगा, गाडीत चिलीम ओढायची नाही."

"मग?"

"शेजारची सीट रिकामी होती रे."

"मग?"

"मग सांगितलं." दादाने आवाज खाली केला. "ऐकलं त्यांनी."

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "खिडकी लावून घे रे," ती म्हणाली. "वारा सोसत नाही त्यांना."

"बरं," दादा म्हणाला.

आणि त्याचं बोलणं चालू असतानाच, अगदी त्याच्या फोनजवळ, कुणीतरी खोकलं.