सांबऱ्याच्या माळावरचं पांढरं कापड

लढाईच्या दिसांत सांबऱ्याच्या माळावर विमानं उतराय लागली, तवाची ही गोष्ट. माळावर ना मनोरा, ना वरच्या विमानवाल्यासंगं बोलायचं यंत्र. हिंडलग्याचा रवळू पांढऱ्या कापडाचा भला मोठा इंग्रजी टी जमिनीवर आथरायचा. वारा जिकडनं येतोय तिकडं टीचं डोस्कं. विमानवाल्यानं ते बघायचं आन उतरायचं.

कापड फाटलं की नवं आणायचा वडगावचा परशराम विणकर. पहिल्या खेपेलाच गाडीत त्याची पोरगी रुक्मा हुती. वाऱ्यानं तिचा पदर उडाला, रवळूनं बघितलं... आन लगीच मान खाली घातली.

"दोन एकदम आली तर धडकत न्हाईत व्हय?" तिनं इचारलं.

"समद्यांनी डावीकडनंच घिरटी मारायची. खालच्याला आधी उतरू द्यायचं. डोळं उघडं ठेवायचं."

"तुमचं तर जमिनीवरच हाईत. वर कवा बघता?"

"तू हाईस तवर... न्हाय बघवत."

रुक्मा हसली. वर्साला दोनदा फाटणारं कापड म्हैन्याला फाटाय लागलं. परशरामाला वाटायचं, अवंदा वारा लई माजलाय! रवळूच्या नखांत अडकलेलं पांढरं धागं कोण बघतंय?

चौथ्या खेपेला परशराम कचेरीत गेलता. ही दोघं टीच्या कडंला बसून नवं कापड जोडत हुती. रुक्मा दातानं दोरा तोडायची, रवळू बघत ऱ्हायचा. तेवढ्यात वारा फिरला — गड्याला पत्ताच न्हाय, टी तसाच! एक विमान टी बघून उगवतीकडनं आलं. दुसऱ्यानं गावातला धूर कुठं कलतोय ते बघितलं, ते मावळतीकडनं आलं.

समोरासमोर!

रुक्मा किंचाळली. रवळू कापड उचलून मदोमद धावला, डोक्यावर गरागरा फिरवत. एकानं कसंबसं नाक वर उचललं. दुसरं त्याच्या पोटाखालनं गेलं.

"ध्यान कुठं हुतं?" माळावरचा गोरा साहेब वरडला.

"झोप लागली, साहेब."

आठ दिसांत रवळूच्या बदलीचा हुकूम आला. आसाम. लढाईच्या तोंडावर.

बेळगावच्या ठेसनात रुक्मा घामाघूम हून आली.

"झोप लागली व्हय? माझं नाव घ्याया लाज वाटली?"

"लोकं तुला बोलली असती, गं."

"बोलू देत की. मी माझ्या आप्पाला सांगितलंय."

"क... काय?"

"माझ्यासाठी दुसरं स्थळ बघू नगा म्हणून."

रवळू डब्याच्या पायरीवरच थांबला. "मी माघारी येतो का न्हाय, देवाला ठावं. वाट बघू नगंस, रुक्मा."

"वाट काय तुमास्नी इचारून बघाय लागलीया व्हय मी?"

शिट्टी झाली. खिडकीतनं रवळूनं हात बाहेर काढला. चार माणसांदेखत तिनं तो धरला. गाडी हलली, तशी ती संगं चालाय लागली... मग धावाय लागली... मग फलाट संपला.