चाराच्या जागी दोन

“तीन आठवडे भांडून आम्ही नियम ठरवले आणि कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत ते बदलून टाकले!” प्रमुखबाईंनी खुर्चीत अंग टाकलं. “आता दोघं राजीनामा लिहून बसलेत.”

तपासनिसासोबत आलेल्या त्याच्या मेहुण्याने कपाळाला हात लावला. चोरी नाही, खून नाही. प्रोग्राम लिहिताना ओळ किती आत सरकवायची, यावरून राजीनामे! “भाऊजी, खरंच यात पडायचं?”

तपासनिसाने तिकडे लक्षच दिलं नाही. “नेमकं काय बदललं?”

“दोन नियम. ओळीआधी चार रिकाम्या जागा ठरल्या होत्या, त्यांच्या दोन केल्या. ओळीची लांबी एकशेवीस अक्षरांवरून ऐंशीवर आणली. बैठकीच्या खोलीतल्या सामाईक संगणकावरून. तेव्हा तिथे जा-ये करणारे तिघेच.”

तपासनिसाने तिघांना त्यांच्या टेबलाशीच गाठलं. प्रत्येकाच्या हाती एक कागद देऊन तो विचारी, “हेच ना नियम?”

दाढीवाल्याने कागद परत भिरकावला. “थट्टा लावलीय का? चार जागांसाठी मी घसा कोरडा केला. दोन कशाला करीन?”

“हे तुमचंच काहीतरी दिसतंय,” टॅबवाली कागद परत देत म्हणाली. “मला मोजून जागा नकोतच, ओळ आत सरकवायला टॅबची एकच कळ हवी होती. मग ज्याने त्याने आपल्या पडद्यावर हवं तेवढं अंतर ठेवावं. पण ऐकतो कोण?”

अण्णा सगळ्यांत जुने. त्यांच्या पडद्यावर जेमतेम दहा ओळी. निवृत्तीला टेकलेला माणूस, काम ते किती करणार, असं मेहुण्याला वाटलं. अण्णांनी कागदावरून नजर फिरवली. “हो, हेच. सगळं बरोबर आहे.”

अर्ध्या तासाने सगळे बैठकीच्या खोलीत जमले. दाढीवाला आणि टॅबवाली पुन्हा हमरीतुमरीवर आले होते.

“पुरे!” तपासनीस ओरडला. “तुमच्यापैकी कुणी केलं असतं, तर आपलाच हट्ट पुरा केला असता. इथे चार गेले आणि टॅबही आला नाही. दोन्ही बदलांनी एकच साधलं, ओळ अरुंद झाली. अरुंद ओळ कुणाला लागते? ज्याची अक्षरं एवढी मोठी, की दहा ओळींत पडदा भरतो.” त्याने कागद टेबलावर ठेवला. “ही माझी लाँड्रीची पावती. दोघांनी परत केली. एकाने नियम म्हणून मान्य केली.”

शेवटी अण्णाच म्हणाले, “ओळीचं शेपूट पडद्याबाहेर जायचं. सहा महिने झाले, दिसणं कमी होत चाललंय. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं.”

“तीन आठवडे बैठका झाल्या, अण्णा!” प्रमुखबाई कळवळून म्हणाल्या. “एकदा तरी बोलायचं!”

“या दोघांच्या मधे बोलायला फट कुठे होती?”

दाढीवाल्याने मान खाली घातली. “टॅबच करा. अण्णांना हवं तेवढं कमी अंतर ठेवता येईल,” तो पुटपुटला. टॅबवाली त्याच्याकडे बघतच राहिली.

“डॉक्टरांना दाखवलंत?” तिने अण्णांना विचारलं.

“भीती वाटते गं.”

“उठा,” दाढीवाल्याने गाडीची किल्ली घेतली. “आत्ताच जाऊ.”

तिने अण्णांची पिशवी उचलली. जिन्यापर्यंत पोचतात न पोचतात तोच, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं यावरून दोघांचं जुंपलं होतं.