सुशीलाची जाळी

मे महिन्यात भनपुरीत घराघरात बासी असते. रात्री पाण्यात भिजवलेला भात, सकाळी मीठ अन् कांदा. सुशीला, माझी बायको, लग्न होऊन वर्ध्याहून इथं आली तेव्हापासून उन्हाळाभर तेच खाते.

यंदा तिच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. घास उतरावा म्हणून डॉक्टरनं आत तारेची जाळी बसवली अन् बजावलं, थंड काही द्यायचं नाही. गारव्यानं जाळी आकसते, जागा सोडते. मी फ्रिजच बंद करून टाकला. तरी मी आंघोळीला गेलो अन् बाईनं माठातलं पाणी घालून वाटीभर बासी खाल्ली.

"येडी झाली का तू?" मी ओरडलोच.

"अजी, बासी का थंडात येते? ते तं जेवण आहे."

संध्याकाळी घोटभर पाणीही उलटून आलं. एक्स-रे काढला. जाळी नळीत नव्हती, पोटात नव्हती, आतड्यातही नव्हती. "निकल गई होगी," डॉक्टर म्हणाला. नवी बसवायची ताकद तिच्यात उरली नव्हती. आता ही उपाशी मरणार. रेल्वेच्या वर्कशॉपात मी जन्म काढला. तार अशी हवेत विरत नाही, हे मले कळते. पण भांडू कोणाशी?

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "भूक लागली." भात दिला, उतरला. पोळीही उतरली. मी हरखून शेजारी पेढे वाटले.

मग एकदा नीट पाहिलं. ती चावत होती, घास संपत होता, पण गळा हलत नव्हता.

"दुखते का?"

"नाही जी. तुम्ही काहून जेवून नाही राहिले?"

माझाच घास छातीत अडकत होता.

डॉक्टरला सांगितलं, तं त्यानं मले उपाशीपोटी बोलावलं अन् तोंडातून दुर्बीण आत सोडली. बाजूच्या टीव्हीवर माझी अन्ननलिका दिसली. तिच्यात तारेची जाळी.

"पांडुरंगजी, ये कब डलवाई?"

तोंडात नळी. काय सांगू?

जाळीतून काहीतरी खाली सरकलं. चावलेला भात. मागून पुन्हा थोडा.

"सुबह से कुछ खाया है?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्यानं नर्सकडून चिमटा मागितला. "निकाल देते हैं."

मी त्याचं मनगट घट्ट धरलं. घरी सुशीलाचं अजून अर्धं जेवण व्हायचं होतं.