शालनकाकूंची सही

चिखलीतल्या भंगाराच्या दुकानात मोनिका जुना फळा शोधायला गेली आणि हाताला लागली एक लाकडी पेटी. आत बोरू, शाई सुकलेली दौत, पिवळं पडलेलं कित्त्याचं पुस्तक... कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेचं सामान. तिला चौथीतल्या बाई आठवल्या. बोरूचं टोक ब्लेडनं तिरकं तासून द्यायच्या आणि बोटं निळी होईपर्यंत 'श्री' गिरवायला लावायच्या.

"ती पेटी मी घेणार होतो," मागून आवाज आला. "पण तुम्ही तिच्याकडे अशा बघताय... राहू दे तुम्हाला."

त्याचं नाव जयदीप, घर तिथलंच. ती पिंपळे सौदागरला अक्षराचे वर्ग घेते हे कळल्यावर तो लगेच म्हणाला, "मग माझ्या चुलतीला शिकवाल? काका गेले, आणि शालनकाकूंना सहीसुद्धा येत नाही."

हसरे डोळे, मऊ बोलणं... मोनिकाच्या मनात पाल चुकचुकली. इथल्या जमिनींचे भाव तिला ठाऊक होते. नवरा गेलेली चुलती, गोडबोल्या पुतण्या आणि अचानक सहीची गरज? काकूंना सावध करायलाच जायचं, असं तिनं स्वतःला बजावलं.

दर रविवारी ती काकूंच्या घरी शिकवायला बसली की जयदीप चहा घेऊन यायचा आणि दारातच रेंगाळायचा.

"एवढी घाई कसली आहे सहीची?" तिनं एकदा विचारलंच.

"घाई नाही... उलट सावकाश शिकवा."

हे तर तिला जास्तच खटकलं. त्यातून काकूंची वेलांटी पहिल्याच दिवसापासून झोकदार.

एका रविवारी तो दूध आणायला गेला. मोनिकानं दार लोटलं.

"काकू, खरं सांगा. जमिनीच्या कागदावर सही हवीय ना त्यांना?"

काकू पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "अगं, सातवी शिकलेय मी. जमिनीच्या कागदांवर सह्या करून हात दुखला माझा. ह्योच म्हणला, काकू, येत न्हाई म्हण... म्हंजी ती येईल."

दार उघडलं. जयदीप पिशवी घेऊन उभा, कानापर्यंत लाल.

"फसवलंत तर मला," मोनिका म्हणाली.

"हो. दुकानात नुसता नंबर मागितला असता तर दिला असतात?"

"नाही."

"म्हणून..."

तिनं हसू दाबलं. "मग आता पुढच्या रविवारी मी कशाला यायचं?"

"माझ्यासाठी —" तो अडखळला. "मला तुम्ही आवडता, मोनिका. हे खरं आहे. काकूंना विचारा."

"काकूंच्या शब्दावर तर मी मुळीच विश्वास ठेवणार नाही," ती म्हणाली... आणि त्याच्या हातातली दुधाची पिशवी घेऊन चहा टाकायला आत गेली.