स्लॅबची तहान

सिंधुचं काम तसं लई सोपं. तिसऱ्या मजल्यावर चढायचं, स्लॅबवर शेतातल्या वाफ्यासारखे चौकोन पाडलेले, स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यात पाइपनं पाणी भरायचं आन् उतरायचं. लातूरच्या उन्हात ते आटलं की पुन्हा चढायचं. पायांचं पार भजं झालं व्हतं. जिना दिसला तरी रडू यायचं, पण रडायचा बी कंटाळा.

मुकादम वैजनाथ खाली सावलीत खाट टाकून पडलेला. त्याचं पोट बघून वाटावं, गिलाव्याचा एक हात जास्त बसलाय.

"कोपऱ्यातला वाफा कोरडा हाय गं सिंधे."

"आत्ताच भरला, मामा."

"मंग स्लॅब पिऊन राहिला काय?"

"पीत आसंल." तिनं पाइप खांद्यावर घेतला. "वाळू कुठली हो ही?"

"मन्याडची. मुखेडकडली. एक नंबर माल. आता तिथं नुसता खडक उरलाय, नदी सगळी हितं आली," मुकादम खुशीत बोलला.

सिंधु जिन्याकडं वळली. ती तिकडचीच. तिच्या गावात पाळण्यातलं लेकरू जाळत न्हाईत, नदीच्या वाळूत पुरतात. गेल्या साली तिचं तापात गेलं. जाताना तोंडात पाणी घालायचं, तर त्यानं गिळलंच न्हाई. गालावरून वघळून गेलं. तहानलेलंच गेलं, हे तिच्या मनातून निघत नव्हतं. पुढं वाळू उपसायला टिप्पर आले. ती एकदा बघाया गेली तर नदीच्या जागी खड्डा, आन् गावातल्या हिरींचे तळ उघडे.

ती वर गेली. कोपरा भरला. दमून तिथंच बसली.

पाणी खाली खाली चाललं. भेग न्हाई, गळती न्हाई. सिमेंटाचा ओला वास तेवढा. तिनं वाकून कान लावला.

चुट्… चुट्…

हा आवाज कुठल्या बी आईला सांगावा लागत न्हाई.

"पी…" ती हळूच बोलली. "सावकाश पी. ठसका लागंल."

मुकादम धापा टाकत वर आला. "झोपली का काय? आता पाणी बंद. बोअर आटला, टँकर बी येत न्हाई. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन भांडून राहिल्यात."

"बंद नका करू, मामा."

"आगं, स्लॅब पक्का झाला. आजून किती पाजती?"

"पोट भरू द्या की त्याचं."

मुकादम हसला. हसणं अर्ध्यातच अडकलं. त्याच्या पायाजवळचा भरलेला वाफा बघता बघता आटून पांढरा पडला. मंग त्याच्या पलीकडचा. मंग सगळेच. पायाखालून, साऱ्या स्लॅबमधून, बारीक बारीक आवाज यायला लागला. कुत्रीला एकदम सारी पिल्लं लुचावी, तसा.

"सिंधे… हे… काय हाय?"

सिंधुनं मान बी वर केली न्हाई. लई थकली व्हती ती.

"नदीत माझं एकलंच पुरलं व्हतं का, मामा?"

 मुकादमानं काखेतली पाण्याची बाटली काढून तोंडाशी नेली, आन् तशीच धरून राहिला. आतलं पाणी घोटाघोटानं कमी होत चाललं व्हतं.

झाकण त्यानं आजून उघडलंच नव्हतं.