न उलगडलेलं बोचकं

"कशावर घेतलीस ही?"

भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आधीच गवराबाईनं विचारलं. ओट्यावर एक नवी डेकची चकाकत होती. तिनं बोटाच्या पेरानं ती वाजवून पाहिली आणि तिच्या ओठाचा कोपरा सवयीनं खाली गेला. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची… आणि तीही इतकी पातळ, की चार दिवस शेगडीवर चढली तर बुडाला पोचे पडावेत. असली डेकची घरात घेणाऱ्या बाईबद्दल काय वाटून घ्यायचं, हे गवराबाईनं फार पूर्वीच ठरवलं होतं. आज त्यात थोडी भर पडली, एवढंच.

शालन, तिची धाकटी जाऊ, आरशासमोर वेणी घालत होती. मान न वळवता तिनं सांगितलं की भागूबाई बोहारीण आली होती. तुमच्या पेटीमागं ते फाटक्या लुगड्याचं बोचकं कधीचं पडून होतं, ते देऊन टाकलं. झुरळं व्हायला लागली होती.

"उलगडून बघितलंस?"

"चिंध्या काय उलगडून बघायच्या, जाऊबाई?"

गवराबाई कोपऱ्यात गेली. पत्र्याच्या पेटीमागं तिनं हात घातला, आणखी आत घातला… बोटांना भिंतीचा गार चुना लागला. ती तिथंच खाली बसली.

त्या फाटक्या लुगड्याच्या घड्यांत मालोजीचा फेटा होता. तिच्या नवऱ्याचा, लग्नातला. अंजिरी रंगाचा, दोन्ही टोकांना खरी जर. मालोजी गेला, शेत भाऊबंदांनी घेतलं, अंगावरचं सोनं एकेक करून उतरलं. उरला होता तो हा फेटा. चोरानं पेटी फोडावी पण चिंध्यांना हात लावू नये, म्हणून बाया किमती वस्तू चिंध्यांत गुंडाळतात, हे तिच्या चऱ्होली गावातल्या पोरीसोरींनाही ठाऊक असतं. शालनला ते ठाऊक नव्हतं, आणि सांगायला हवं होतं ते गवराबाईनंच. पण जिला मेथीची जुडी सोडून बघायची अक्कल नाही, तिला आपलं काळीज कशाला उघडून दाखवायचं… असं म्हणत तिनं लग्न होऊन आल्यापासून त्या पोरीला एक शब्द सांगितला नव्हता.

*

थोरलीची नजर.

ज्योतीराम तिचा दीर. भाऊ गेला तेव्हा पोर होता; तिनंच त्याला वाढवला, मॅट्रिक केला. पिंपरीला औषधाच्या कंपनीत चिकटला, त्याला क्वार्टर मिळाली, आणि तो वहिनीला चऱ्होलीहून घेऊन आला. आल्या दिवसापासून गवराबाईला ही कॉलनी म्हणजे खुळ्यांचा बाजार वाटत आली. सांगितला तो भाव देणाऱ्या बाया! वांगं दाबून बघत नाहीत, तराजूच्या काट्याकडं बघत नाहीत, वर कोथिंबीर मागायची लाज. नवे पैसे निघाले त्या साली तर भाजीवाल्यांची चंगळ झाली. आण्याचे किती होतात ते भाजीवाल्यालाच विचारून या बाया पदराची गाठ सोडत होत्या. गवराबाईला त्यांची कीवसुद्धा आली नाही. कीव यायला समोरचं माणूस थोडं तरी शहाणं असावं लागतं.

आणि या सगळ्यांत पहिला नंबर कुणाचा? तिच्याच घरातल्या बाईचा.

*

धाकटीची नजर.

ती तर गवराबाई पाठीवर झेलतच होती. शालनचे वडील खडकीला कारकून. तिच्या माहेरी दुकानदारानं सांगितलेला भाव म्हणजे भाव. घासाघीस करायची ती ज्यांच्याकडं नसतं त्यांनी. एका रविवारी बाजारात गवराबाई बटाट्यांसाठी भांडत होती आणि नेमक्या समोरच्या क्वार्टरमधल्या सुमनताई, सुपरवायझरीणबाई, मागं येऊन उभ्या राहिल्या. शालन हळूच बाजूला सरकली आणि बांगडीवाल्यासमोर अशी उभी राहिली, जणू बटाटेवाल्याशी भांडणारी ही बाई कुठल्या गावची कोण! घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली की लोकांच्या घरात देव्हाऱ्यात भवानी असते, आपल्याकडं बाजारात फिरते. हे गवराबाईनं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. ज्योतीराम हसला होता, तेही ऐकलं होतं. त्या वाचवलेल्या पैशावर मॅट्रिक झालेला ज्योतीराम.

तो दोघींच्या मधे बसून जेवायचा आणि फक्त पाणी मागायचा.

*

आज तो रात्रपाळी करून झोपला होता. घरातली शांतता कानाला टोचली म्हणून की काय, उठून बाहेर आला. शालननं बोचकं दिल्याचं सांगितलं, पण खाली बघत; त्यात भावाचा फेटा होता हे त्याला ठाऊक होतं. मग तो वहिनीजवळ उकिडवा बसला आणि समजूत घालायच्या आवाजात म्हणाला,

"वहिनी, जाऊ दे ना. पुण्याहून नवा आणतो. त्याच्यापेक्षा भारी."

गवराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. ज्या पोराच्या तापल्या कपाळावर तिनं रात्र रात्र हात ठेवला होता, तो पोरगा तिला… बदली माल देत होता. जुन्यावर नवा. बोहारणीसारखा.

"भारी," ती एवढंच म्हणाली, चपला पायात सरकवल्या आणि निघाली.

मागं घरात काय झालं, ते पुढं शालननंच तिला सांगितलं. शालन भांडणाची वाट बघत बसली होती, उत्तरंही तयार होती. ओरडण्यासाठीच जन्मलेली बाई न ओरडता उठून गेली, तेव्हा त्या उत्तरांचं काय करावं तिला कळेना. आणि ज्योतीराम दाराकडं बघत स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला, की दादा गेला त्या साली चाकणचा सराफ घरी आला होता, फेट्याच्या जरीला त्यानं चांगला भाव सांगितला होता. वहिनीनं किती ते विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून ती चाकणला कांदे निवडायला रोजानं जायला लागली. माझ्या फीसाठी.

"तिनं कधी भाव केला नाही अशी ती एकच वस्तू होती गं," तो म्हणाला.

*

घेणारीचा चेहरा.

कॉलनीच्या फाटकाशी लिंबाखाली भागूबाई बोहारीण दिवसाची कमाई निवडत बसली होती. सुती एकीकडं, रेशमी एकीकडं. तिच्याभोवती कॉलनीतल्या चारदोन बाया उभ्या होत्या, त्यांत सुमनताईही. आणि भागूबाईच्या मांडीवर, ऊन पडलेला, उघडा, अंजिरी…

बाजाराचा पहिला धडा गवराबाईला तिच्या आईनं दिला होता: पाहिजे ती वस्तू डोळ्यांत दिसू द्यायची नाही. दगडासारखं तोंड करायचं. आयुष्यभर तिनं ते केलं होतं, आणि ज्यांना जमत नाही त्यांना ती हसत आली होती. आज तिचं तोंड दगड होईना. ओठ थरथरले, डोळे भरून आले, आणि भागूबाईनं ते पाहिलं. धंद्यातली बाई, तिला आणखी काही बघायला लागत नव्हतं.

तिनं फेटा सावकाश स्वतःकडं ओढला. सांगितलं की दिलेल्या बोचक्यावर मागून हक्क सांगता येत नाही, जरीचं गिऱ्हाईक पुण्यात बसलेलंच आहे. पण अक्काचा जीव अडकलाय, तर अक्काच्या घरी पितळेचा हंडा आहे म्हणे.

"घे," गवराबाई म्हणाली.

भागूबाईनं ताडलं: इतक्या लवकर 'घे' आलं म्हणजे आपण कमी मागितलं.

"अन् ते तांब्याचं घंगाळ."

"घे."

उभ्या असलेल्या बायांत कुणीतरी खुदकन हसलं. बटाट्यावरून रस्ता डोक्यावर घेणारी हीच का ती! गवराबाईला ते हसू ऐकू आलं आणि तिला वाटलं, बरोबर आहे. मी असते तर मीही हसले असते.

तेवढ्यात मागून चपलांचा फटफट आवाज आला. शालन. वेणी अर्धी घातलेली, अर्धी सुटलेली. काखेत ती डेकची. तिनं डेकची भागूबाईसमोर दाणकन ठेवली.

"ही घे तुझी डेकची. आमचं आम्हाला दे."

"आता डेकची कुठली, ताई? अक्कासंगं हंडा अन् घंगाळ ठरलंय."

"ठरलं नाही. अक्का उन्हातनं आल्यात, त्यांना ऊन लागलंय. घरातली देवघेव मी बघते."

एवढं म्हणताना तिचा आवाज दोनदा फाटला. मग ती खाली बसली, चक्क मातीत, चांगल्या पातळासकट, आणि फेट्याचं टोक दोन बोटांत धरून तिनं नाक मुरडलं.

"जर काळी पडलीय. आणि ही बघ, कसर लागलीय."

गवराबाईच्या काळजात सुई गेली. कसर? दरसाल ती तो दार लावून, उन्हाच्या कवडशात धरत आली होती… या पोरीनं शेवटी फेट्यालाही… आणि मग तिच्या ध्यानात आलं. माल नावाजायचा नसतो. माल घ्यायचा असला की तो पाडून बोलायचा असतो. ही पोर भाव करत होती.

"डेकची परत, वर माझं वॉइलचं पातळ. नवं आहे," शालन म्हणाली.

"पातळ अन् घंगाळ."

"पातळ आणि डेकची."

"अगं ताई, जर हाय ती."

"काळी जर आहे. आटवलीस तर धूर निघेल नुसता."

कंपनीचा भोंगा झाला. पाळी सुटली, माणसं फाटकातून कॉलनीत यायला लागली. काही थांबून बघू लागली. सुमनताई दोन पावलं पुढं आल्या आणि हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, म्हणाल्या,

"शालनबाई, चिंध्यांवरून काय हो हे? रस्त्यावर?"

शालनचे कान लाल झाले. याच बाईसमोर आपण नीटनेटकं दिसावं म्हणून ती रोज पाण्याच्या नळावरही केस विंचरून जायची.

"भाव करतेय, सुमनताई," ती म्हणाली. "आमच्या घरात करतात."

*

पाठ.

भागूबाईनं मान हलवली. नाही जमत.

"मग राहू दे तुलाच," म्हणत शालननं फेट्याचं टोक तिच्या मांडीवर टाकलं, डेकची उचलली, गवराबाईचं मनगट धरलं आणि वळली.

गवराबाईचे पाय हलेनात. आयुष्यात हजार वेळा तिनं दुकानांकडं पाठ फिरवली होती. पण ती बांगड्यांकडं, कपबशांकडं, बटाट्यांकडं. मागं राहिलं तर राहिलं. हे मागं राहिलं तर…

"जाऊबाई, चला," शालन कानाशी पुटपुटली. तिचा हात घामानं ओला झाला होता. "मागं बघू नका."

"अगं, तिनं हाकच मारली न्हाई तर?"

"तर मी परत जाऊन तिच्या पाया पडेन. पण आत्ता चला."

आणि गवराबाई चालली. जिला मेथी कळत नाही, वांगं कळत नाही, काटा कळत नाही, त्या पोरीच्या भरवशावर ती आपला नवरा बोहारणीच्या मांडीवर ठेवून चालली. डाव्या हाताला पाळीवरून सुटलेल्या माणसांच्या सायकली जात होत्या. सुमनताईंची नजर पाठीत होती. लिंबाची सावली संपली, ऊन लागलं. मागून काहीच येईना. शालनची बोटं मनगटावर आवळत चालली होती. घाबरली होती पोर, पण पाऊल आखडत नव्हती.

"ओ ताई…"

शालनची मान झटकन वळायला लागली. गवराबाईनं मनगट सोडवून घेतलं आणि उलट तिचाच हात घट्ट धरला.

"थांब," ती ओठ न हलवता म्हणाली. "पहिल्या हाकेला वळायचं न्हाई."

"खरंच?"

"गप चल."

त्या चालत राहिल्या. दोघींचाही श्वास ऐकू येत होता. मग मागून भागूबाईचा आवाज आला, चिडलेला, हरलेला, कॉलनीभर पोचेल एवढा मोठा, की ये बाई, ये, ने तुझा फेटा, पातळ तेवढं धड आण.

आता शालन वळली. गवराबाई नाही वळली. ती तशीच उन्हात, कॉलनीकडं तोंड करून उभी राहिली, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून लुगड्यावर पडत होतं, ते पुसायला तिनं हातही उचलला नाही.

"जाऊबाई? चला ना, घेऊन येऊ."

"तूच जा, शालन," गवराबाई म्हणाली. "माझं तोंड दिसलं तर ती पुन्हा भाव वाढवंल."